३०२ मधून १७८ गेले की २७६ उरतात म्हणते. घरी सराव कसा घ्यावा?

तिसरीची_आई

मुलगी तिसरीत आहे. पाढे बारापर्यंत येतात, दोन अंकी बेरीज-वजाबाकीही बहुतेक वेळा बरोबर असते. पण वरच्या संख्येत मध्ये शून्य आलं की सगळं बिनसतं. ३०२ − १७८ चं उत्तर तिने २७६ लिहिलं. कसं केलंस विचारलं तर म्हणाली, "दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन घालवले. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य. तिनातून एक गेला." तिला हे अगदी बरोबर वाटतं.

अपूर्णांकांचंही तसंच. १/४ मोठा की १/८, असं विचारलं तर ठामपणे १/८. कारण आठ मोठे.

सरावासाठी छापील पानं आणली आहेत. रोज एक सोडवते, पण काल जी चूक केली तीच आज. संध्याकाळी वीसेक मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात ती कंटाळायला नको. त्या वेळात नेमकं काय करून घेऊ?

उजळणी

शून्यातून हातचा मिळत नाही, म्हणून शतकाकडून घ्यायचा, शून्याचे नऊ करायचे आणि एककाला दहा द्यायचे. हा नियम रोज पाच उदाहरणांत घोटून घ्या. आमच्याकडे असंच बसलं.

निवृत्त_बाई

ताई, मी प्राथमिक वर्गांना आयुष्यभर गणित शिकवलं. नियम घोटून बसतो हे उजळणी यांचं म्हणणं खरं आहे. पण तुमच्या मुलीला नियमाआधी दुसरं काहीतरी हवंय. ती संख्या बघत नाहीये, सुटे अंक बघतेय. तिच्या डोळ्यांपुढे ३०२ नाही, तीन, शून्य आणि दोन आहेत. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान घालवायचा हा नियम तिने स्वतः तयार केलाय आणि तो ती इमानाने पाळतेय. म्हणून नुसती पानं वाढवून उपयोग नाही. त्या पानांवर तिच्याच नियमाचा सराव होतो.

तिला एक प्रश्न विचारा: ३०२ मध्ये दशक किती? ती म्हणेल शून्य. बहुतेक मुलं हेच म्हणतात, कारण दशकाच्या घरात शून्य दिसतं. पण ३०२ मध्ये दशक तीस आहेत. ते शतकांत बांधलेले आहेत, इतकंच. हे ज्या दिवशी तिला दिसेल त्या दिवशी वजाबाकीचं अर्धं काम झालं. कारण मग ती असं म्हणू शकते: तीस दशकांतला एक सोडला, उरले एकोणतीस दशक आणि बारा एकक. १७८ म्हणजे सतरा दशक आणि आठ एकक. बारातून आठ गेले, चार. एकोणतिसातून सतरा गेले, बारा दशक. उत्तर १२४. 'शून्याचे नऊ' कुठून आले हे तिला मुद्दाम सांगावं लागत नाही. २९ मधले नऊ ते हेच.

हे दिसण्यासाठी हातात वस्तू हवी. काड्या आणि रबर घ्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधू द्या. आधी ४२ − १७ करा. चार गठ्ठे, दोन सुट्या. सतरा द्यायचे आहेत, सुट्या पुरत नाहीत. काय करायचं ते तिलाच विचारा आणि थांबा. ती स्वतः रबर काढेल. त्या क्षणाला घाई करू नका, लगेच 'याला हातचा म्हणतात' असंही सांगू नका. दोन-तीन दिवस तिने रबर काढू दे, मग वहीत तेच लिहायला सांगा. शतकासाठी चौकटींचा कागद कापा: दहा बाय दहाचा चौरस म्हणजे शतक, दहा घरांची पट्टी म्हणजे दशक, एक घर म्हणजे एकक. रंगीत टिकल्या (लाल म्हणजे दहा, निळी म्हणजे शंभर) सुरुवातीला मी कधीच दिल्या नाहीत. लाल टिकली निळीचा दहावा हिस्सा आहे हे डोळ्यांना दिसत नाही, मानून घ्यावं लागतं. काडीचा गठ्ठा खरोखर दहा काड्यांचा असतो.

वजाबाकी नसली तरी हा प्रश्न रोज विचारा: ३०२ किती तऱ्हांनी मांडता येईल? तीन चौरस, दोन घरं. दोन चौरस, दहा पट्ट्या, दोन घरं. दोन चौरस, नऊ पट्ट्या, बारा घरं. नुसत्या तीस पट्ट्या आणि दोन घरं. पाठ्यपुस्तकातलं विस्तारित रूप यातलं फक्त पहिलं, ३०० + ० + २. बाकीच्या मांडण्यांवर वेळ घालवा.

शून्याची अडचण तिच्या एकटीची नाही. बॅबिलोनचे लोक साठाच्या पटीत स्थानावरून संख्या लिहीत, पण रिकाम्या स्थानासाठी त्यांच्याकडे बराच काळ चिन्हच नव्हतं. नुसती जागा सोडत. शून्याला संख्या मानून बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये लिहिले. तिसरीतल्या मुलीने तिथे अडखळावं यात नवल नाही.

अपूर्णांकांना दोन दिवसांनी हात घाला. २४ सेंटिमीटर लांबीच्या कागदी पट्ट्या कापा, सगळ्या सारख्या. एक अख्खी ठेवा. बाकीच्यांचे पट्टीने मोजून भाग पाडा: अर्धे १२ सेंमीचे, तृतीयांश ८ चे, चतुर्थांश ६ चे, षष्ठांश ४ चे, अष्टमांश ३ चे. २४ घ्यायचं कारण हेच, सगळं पूर्ण संख्येत बसतं. गोल कापू नका. गोलाचे तीन सारखे भाग मोठ्यांनाही धड जमत नाहीत, आणि भाग सारखे नसले तर अपूर्णांकाचा पायाच गेला. पट्ट्या एकाखाली एक लावल्या की १/८ लहान का, हे तिला सांगावं लागणार नाही. तेवढीच पट्टी जास्त जणांत वाटली.

आणि 'तीन अष्टमांश' असं मोठ्याने म्हणायला लावा, 'तीन छेद आठ' नंतर. तीन दशक म्हणतो तसेच तीन अष्टमांश. तीन ही मोजदाद, आणि अष्टमांश म्हणजे कशाची मोजदाद ते.

दोन_मुलांचा_बाबा

बाई, तीस दशकांचं फार आवडलं. आम्ही वजाबाकी संख्यारेषेवर चढत करायचो. १७८ पासून १८० ला दोन, २०० ला वीस, ३०२ ला एकशे दोन. एकूण १२४. हातचा लागतच नाही आणि आधी काढलेलं उत्तर ताडून बघता येतं. २७६ आलं असेल तर १७८ मध्ये ते मिळवून बघायला सांगा, ४५४ होतात. ते ३०२ च्या कितीतरी पुढे गेलं हे मुलांना लगेच कळतं.

अजून एक. ऐकून संख्या लिहायला सांगा. धाकटा एकोणपन्नास ऐकून ५९ लिहायचा, कारण कानावर पन्नास पडायचं. 'पन्नासला एक कमी' असं काही दिवस म्हटल्यावर सुटलं. एकशे पाचचे १००५ होतात का तेही बघा.

तिसरीची_आई

सगळ्यांचे आभार. काड्यांवर सुरुवात केली. ४२ − १७ ला तिने आधी सगळे गठ्ठे सोडले आणि बेचाळीस काड्या मोजत बसली. टोकायचं होतं, पण गप्प राहिले. पुढच्या वेळी एकच गठ्ठा सोडला. ३०२ मध्ये तीस दशक आहेत हे मात्र तिला पटेना. चौरसांवर पट्ट्या ठेवून मोजल्यावर पटलं, आणि मग ५६० मध्ये किती, १०४ मध्ये किती असं तीच विचारायला लागली.

मोठा मुलगा पाचवीत आहे. तो १/२ + १/३ = २/५ करतो. त्यालाही याच पट्ट्या चालतील का?

निवृत्त_बाई

सगळे गठ्ठे सोडू दिलेत हे फार चांगलं केलंत. १०४ मध्ये दहा दशक, हे तिच्या तोंडून आलं की कागदावरच्या वजाबाकीला हरकत नाही.

मोठ्याला त्याच पट्ट्या द्या. पण जोडायच्या आधी विचारा, २/५ अर्ध्याहून मोठे की लहान? पाचातले दोन म्हणजे निम्म्याहून कमी. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून लहान आलं, हे त्याचं त्यालाच खटकलं पाहिजे. मग १२ सेंमीचा आणि ८ सेंमीचा तुकडा शेजारी ठेवा, २० झाले. या दोन्ही तुकड्यांना पुरा पुरेल असा लहान तुकडा त्याला शोधू द्या. चतुर्थांश लावून बघेल, ८ वर बसणार नाही. अष्टमांशही नाही. षष्ठांश बसेल: तीन आणि दोन, पाच षष्ठांश. छेद समान करणं म्हणजे हा तुकडा शोधणं. लसावि त्यानंतर.

ते जमलं की ३/४ आणि ५/६ मधला मोठा कोणता, हे छेद समान न करता विचारा. दोन्हींत पूर्ण व्हायला एकेकच तुकडा कमी आहे. कोणाचा तुकडा लहान ते त्याला पट्ट्यांवर दिसेल.