मदत हवी आहे: शेजारच्या नव्या इमारतीच्या आराखड्यावर हरकत कुठे घ्यायची?

नमस्कार मंडळी,

आम्ही विलेपार्ले पूर्वेला राहतो. सोसायटी १९६८ची, तळमजला अधिक तीन मजले, १६ बिऱ्हाडं. दक्षिणेला लागून तशीच एक जुनी इमारत होती, ती रिकामी झाली आणि आता तिथे पुनर्विकास होतोय. तिथली माणसं आमचीच, हळदीकुंकवाला येणारी-जाणारी. त्यांना लिफ्टची, मोठी घरं मिळावीत असं मनापासून वाटतं, आणि उद्या आमचीही पाळी आहेच. इमारत नको असं कुणाचंच म्हणणं नाही. अशा आराखड्याची नको, एवढंच.

महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर नकाशे पाहिले. विमानतळामुळे पार्ल्यात उंचीवर बंधन, त्यामुळे प्लॉट कडेपर्यंत भरून काढलाय. खालचे तीन मजले पार्किंगचं पोडियम, आणि त्याची सलग भिंत आमच्या कुंपणापासून दीड मीटरवर. तिला ना खिडकी, ना जाळी. आमच्याकडच्या खालच्या घरांची स्वयंपाकघरं नेमकी त्याच बाजूला उघडतात. गाड्यांची लिफ्ट आणि जनरेटरही आमच्याच अंगाला. रस्त्याकडे मात्र काचा आणि बाल्कन्या. त्या दीड मीटरच्या बोळात पावसाळ्यात झाडायला तरी कोण शिरणार?

उन्हाचा हिशेब मुलाने करून दिला. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत भर दुपारीही सूर्य दक्षिणेला साधारण ४७ अंशांवरच असतो. इमारत ३५ मीटरची, म्हणजे सावली ३२ मीटरपर्यंत. आमची अख्खी इमारत त्यात जाते. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, थंडीत गॅलरीतल्या उन्हात पाय शेकत बसतात. ते ऊन जाणार हे आम्ही घरात एकमेकांना सांगून टाकलंय. पण भिंत आणि जनरेटर तरी हलवता येतील ना?

बिल्डरच्या ऑफिसात “सगळं नियमात आहे” एवढंच ऐकवलं. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात कळलं की शेजाऱ्यांची संमती लागतच नाही. मग आम्ही बोलायचं कुठे? कुणी असा आराखडा बदलून घेतला आहे का? वकील आत्ताच गाठावा की आधी माहिती अधिकार? कुंपणालगत एक जुना फणस आहे, नकाशात तो दिसतच नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

ताई, वॉर्डात सांगितलं ते खरं आहे. अख्ख्या शहराच्या विकास आराखड्याच्या वेळी हरकती-सूचना मागवतात, पण एकेका इमारतीच्या परवानगीला शेजाऱ्यांची सुनावणी नसते. मोठ्या गृहप्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीतही, २००६च्या अधिसूचनेनुसार, जनसुनावणी वगळलेली आहे. त्यामुळे “दिसायला वाईट” किंवा “ऊन जातं” यावर काम थांबत नाही.

तुमचा जोर सवलतींवर हवा. मोकळी जागा कमी सोडायची असेल तर अडचण दाखवून, प्रीमियम (जादा शुल्क) भरून पालिका आयुक्तांकडून सवलत घ्यावी लागते. माहिती अधिकारात १० रुपयांत अर्ज करा, पण नुसती नकाशाची प्रत मागू नका. सवलतीचा प्रस्ताव, त्यावरचे शेरे आणि अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र मागा, फाइल स्वतः बसून पाहण्याचीही मागणी करा. उत्तराला ३० दिवस धरा.

फणसाचं आजच करा. फोटो काढा, खोडाचा घेर मोजा, वृक्ष अधिकाऱ्याला पत्र द्या. १९७५च्या वृक्ष कायद्यात तोडण्याआधी जाहीर नोटीस आणि हरकतीची सोय आहे. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षांपुढच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळालाय. तुमची सोसायटी १९६८ची आहे, तेव्हाचा एखादा फोटो कुणाच्या अल्बममध्ये सापडतोय का बघा.

आमच्या गल्लीत भिंतीऐवजी जाळी झाली ती आर्किटेक्टला थेट भेटल्यावर. पोडियममध्ये वारा खेळावा हे त्यालाही हवंच असतं. पण सोळाही जणांच्या सह्या घेऊन जा, आणि पाया भरण्याआधी.

धागाकर्ती:

खूप आभार. १९७२च्या मुंजीचा एक फोटो मिळालाय, मागे फणस स्पष्ट दिसतोय. रविवारी सोसायटीची मीटिंग लावते आणि सह्या घेते.