पोट फुगलंय आणि सिस्टर म्हणते ‘चालवा’!

पंचवटीची सिस्टर: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘आईचं पित्ताशय काढलं, पोट नगाऱ्यासारखं फुगलंय, आणि सिस्टर गोळी द्यायची सोडून चालवा म्हणते. कामचुकार!’ अहो, भुलीने आणि ट्रामाडॉलसारख्या दुखणं थांबवणाऱ्या औषधांनी आतडी मंदावतात. लहान आतडं काही तासांत हलू लागतं, जठराला 1-2 दिवस लागतात, मोठ्या आतड्याला 2-3. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने खांदासुद्धा दुखतो. चालवणं हा उपचारच आहे.

सातपूरकर: पोस्ट माझीच. उपचार असेल, पण चालवायचं कुणी? एका हातात सलाईन, दुसऱ्यात लघवीची पिशवी, वर आईला धरायचं. मग बिलात नर्सिंग चार्जेस कसले?

पंचवटीची सिस्टर: रात्रपाळीला तीस पेशंटमागे आम्ही दोघी. चार्जेस कुठे जातात ते मालकाला विचारा.

निफाडकर: आमच्या वडिलांच्या बेंबीला हिंग लावला, तासाभरात वारा सरला. फुकटात!

पंचवटीची सिस्टर: दुर्बिणीचा एक टाका बेंबीपाशीच असतो, दादा. ओल्या टाक्यावर हिंग?

कॉलेजरोडवाली: खरा छळ भेटायला येणाऱ्यांचा. ‘वारा सरला का?’ जो येतो तो हेच विचारतो. सुनेदेखत सासऱ्यांनी काय सांगावं? पलंगाला ‘तोंडाने काही देऊ नये’ची पाटी आणि उशाशी द्राक्षांची पेटी!

निफाडकर: पेटी आम्ही प्रेमाने नेतो. फ्लॅटवाल्यांना माणसंच नकोत.

कॉलेजरोडवाली: माणसं हवीत, पण पलंगावर बसून लग्नाच्या याद्या करणारी नकोत. त्या गोंगाटात माझ्या सासऱ्यांना उलटी आली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

निफाडकर: आणि रात्री दोनला रक्त लागलं की फोन कुणाला करता? याच माणसांना ना?

कॉलेजरोडवाली: रक्त द्या की, द्राक्षं कशाला?

निवृत्त मास्तर: भांडण बाहेर. ताई, चालवूनही उतरलं नाही तर?

पंचवटीची सिस्टर: पोट टणक होत चाललं, हिरवी उलटी झाली, ताप आला, वारा अजिबात सरेना, तर चालवणं बंद, हिंगही बंद. लगेच डॉक्टरांना बोलवा. ‘गॅसच असेल’ म्हणत सकाळपर्यंत थांबू नका.

सातपूरकर: आई आज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालली, पोट उतरतंय. ‘कामचुकार’ मागे घेतो. नर्सिंग चार्जेसचं भांडण मागे घेत नाही, ते उद्या बिलाच्या खिडकीवर.

निफाडकर: जाताना पेटी घेऊन जा, बिल कमी होईल.