जळगावात राहायची सोय होत नाहीये, मदत हवी आहे (तातडीने!)

कोकमसरबत
इथे येऊन नऊ दिवस झाले. सध्या स्टेशनजवळच्या लॉजवर मुक्काम. रोजचे ५०० जातात, घरी सांगितलेलं नाही. चार खोल्या पाहिल्या. पहिल्या ठिकाणी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग "तुमच्यात काय खातात?" मासे म्हटल्यावर काकू आत गेल्या आणि बाहेर आल्या तोवर खोली भाच्यासाठी राखीव झाली होती. दुसऱ्या खोलीला डिपॉझिट सहा महिन्यांचं. तिसरी शिव कॉलनीत, गच्चीवर, वर पत्रे. चौथीचं दार रात्री साडेआठला बंद म्हणजे बंद.

वर्गातही कुणाशी धड ओळख नाही. सगळे आपसात अहिराणी बोलतात. परवा लॅबमध्ये शेजारून आवाज आला, "जेवन व्हई गे का?" मला फक्त 'वही' ऐकू आली. वही काढून दिली. अख्खं टेबल हसलं. तेव्हापासून मेसचा डबा जिन्यात बसून.

चांगली खोली माहीत असेल तर सांगा. शनिवारी लॉज सोडायचंय. "होईल हो सगळं ठीक" वाले प्रतिसाद नकोत.

गिरणाकाठ
कॉलेज कुठलं? बजेट किती? गाडी आहे का? काहीच लिहायचं नाही आणि वर शनिवारची मुदत.

कोकमसरबत
विद्यापीठ, दुसरं कुठलं असणार? एमएस्सी. दोन-अडीच हजार. गाडी नाही.

एरंडोलचा
"दुसरं कुठलं" काय भाऊ, गावात कॉलेजं काय कमी आहेत? असो. खोटेनगर नाहीतर पिंप्राळा बघ. हायवेवर उभं राहायचं, धुळ्याकडची गाडी पकडायची, गिरणेचा पूल ओलांडला की आलंच. फक्त चढताना कंडक्टरला विचार विद्यापीठाला थांबणार का, नाहीतर थेट एरंडोलला आमच्या घरी जेवायला. आमच्या रूमवर एक कॉट रिकामी आहे. आम्ही चौघं, १,८०० पडतील. रविवारी मटण. उद्याच ये.

पुलापलीकडे
गावात राहायचंच कशाला? पाळधीला घ्या. विद्यापीठाच्या पलीकडे, भाडं कमी, सकाळी सगळे जळगावकडून लोंबकळत येतात तेव्हा तुम्ही उलट्या बाजूने आरामात. मी दोन वर्षं काढलीत.

एरंडोलचा
आणि संध्याकाळी सातनंतर पाळधीत नवख्या माणसाने काय करायचं? भिंतीशी गप्पा? तो बिचारा आधीच जिन्यात जेवतोय.

पुलापलीकडे
अभ्यास करायचा. एमएस्सीला त्यासाठीच येतात म्हणे.

कलम_पंचावन्न
खोली कुठेही घ्या, पण लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणी करणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही.

कोकमसरबत
काका, खोलीच नाही. करार लॉजवाल्याशी करू का?

तापलेला_भुसावळकर
बाकी काही करा, ती पत्र्याची खोली घेऊ नका. आत्ता पावसाळा आहे, छान वाटेल, पत्र्यावर पाऊस वाजतो वगैरे. मी एक उन्हाळा काढलाय पत्र्याखाली. पारा ४५ च्या वर. रात्री अकराला गादीवर हात ठेवला तर इस्त्री केल्यासारखी. सकाळी दहानंतर टाकीचं पाणी अंगावर घेता यायचं नाही, म्हणून पहाटेच बादल्या भरून कॉटखाली सरकवायच्या. पत्र्यावर ओली गोणपाटं टाकली, अर्ध्या तासात पापड. शेवटी जुना कूलर आणला, तर मालक म्हणाला युनिटमागे जादा द्या.
तेव्हा खोली बघताना भाड्याच्या आधी विचारा: वर स्लॅब आहे का, स्लॅबवर अजून एक मजला आहे का, मीटर वेगळा आहे का, आणि बोअर आहे का, कारण नळाला रोज पाणी येत नाही. काकू मासे चालतात का ते विचारतात, आपण कूलर चालतो का ते विचारायचं.

सातपुडा_एक्स्प्रेस
अहिराणी शिकून घ्या हो. बहिणाबाईंची भाषा आहे. विद्यापीठालाच त्यांचं नाव आहे!

असोदा_फाटा
बहिणाबाई असोद्याच्या. त्यांची बोली लेवा गणबोली, अहिराणी नाही. विद्यापीठाला २०१८ मध्ये नाव दिलं, पण लोक एवढंसुद्धा बघून घेत नाहीत.

सातपुडा_एक्स्प्रेस
खान्देशातली सगळी एकच हो.

असोदा_फाटा
यावल-रावेरला जाऊन 'आहे'ला अहिराणीतलं 'शे' म्हणून बघा, मग सांगा एकच आहे का. अमळनेर-धुळ्याची गोष्ट वेगळी.

कोकमसरबत
मला दोन्ही येत नाहीत. खोली!!

वांगंच_वांगं
ओळखींचा एकच उपाय, भरीत पार्टी. तुरकाठ्यांवर वांगी भाजायची, बडगीत (लाकडी भांड्यात) कुटायची, एकाने मिरच्या, एकाने पात चिरायची. हात चालू असले की तोंड आपोआप चालतं. सगळ्या डिपार्टमेंटला बोलवा.

गिरणाकाठ
ऑगस्टमध्ये? बामणोदची वांगी थंडीत. तोवर त्याने लॉजवर ५० हजार घालवायचे का?

वांगंच_वांगं
मग कानबाईला (खान्देशातल्या देवीच्या सणाला) जा कुणाकडे. श्रावणातच असते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. रोट (तिचा प्रसाद) भाऊबंदकीबाहेर देत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. गाण्यांना बसायला कुणी नाही म्हणत नाही.

जुनी_हॉस्टेलकरीण
इतके प्रतिसाद झाले, दोन साधे प्रश्न कुणी विचारले नाहीत. एक, विद्यापीठाच्या वसतिगृहाला अर्ज केलास का? दोन, साडेआठला दार लावणारी घरं मला माहीत आहेत, ती मुलांना खोल्या देत नाहीत. मुलगी आहेस ना?

कोकमसरबत
हो. कुणी विचारलंच नाही. आणि हॉस्टेलचा वेगळा अर्ज असतो? मला वाटलं अ‍ॅडमिशन झालं की यादीत नाव लागतं, माझं लागलं नाही.

एरंडोलचा
ताई, कॉटचं विसरा. चूक झाली.

जुनी_हॉस्टेलकरीण
वेगळाच असतो, बाई. उद्या सकाळी मुलींच्या वसतिगृहात जाऊन रेक्टर मॅडमना भेट. प्रवेशाची पावती, गुणपत्रकं, आधार, फोटो सोबत. यादी लागली असली तरी प्रतीक्षा यादीत नाव घालायला सांग, प्रवेश रद्द करून जाणाऱ्या मुली असतातच. तोवर आमच्याकडे ये. पिंप्राळ्यात आम्ही तिघी आहोत, चौथी गेली. २,२००, वर स्लॅब, स्लॅबवर मालकीणबाई. दार दहाला लागतं. मासे चालणार नाहीत, अंडी खिडकी उघडून. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.
आणि त्या वहीचं पुढे काय झालं?

स्कॉलरशिपवाला
जातीचा दाखला असेल तर: सरकारी वसतिगृह मिळालं नाही म्हणून खोली करून राहणाऱ्यांना अनुसूचित जातीसाठी स्वाधार, जमातीसाठी स्वयम् योजना आहे. समाजकल्याण किंवा आदिवासी विकासच्या ऑफिसात चौकशी करा.

कोकमसरबत
मला लागू नाही, पण धन्यवाद.
@जुनी_हॉस्टेलकरीण: काही नाही. तिने परत दिली. मागच्या पानावर "जेवन व्हई गे का = जेवण झालं का" असं लिहून, खाली एक डब्याचं चित्र.

जुनी_हॉस्टेलकरीण
आणि तू जिन्यात जाऊन बसलीस?

कोकमसरबत
मला वाटलं चेष्टा करतेय.

जुनी_हॉस्टेलकरीण
अगं, चेष्टा करणारी एवढं रेखाटत बसते का? उद्या जेवणाच्या सुट्टीत "नही" एवढंच म्हण आणि तिथेच बस.

कोकमसरबत
(शुक्रवार) प्रतीक्षा यादीत अकरावी. पिंप्राळ्याची खोली बघितली, उद्या सामान नेतेय. बोअर आहे, मीटर वेगळा आहे, विचारून घेतलं. "नही" म्हटलं. तिच्या डब्यात कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता, अर्धी भाकरी मला. ठेच्याबद्दल आधी कुणी सांगितलं नाही इथे.

नवीन_आयडी_७
ती शिव कॉलनीची पत्र्याची खोली अजून रिकामी आहे का? भाडं किती? मला चालेल.