आवाज मधेच खरखरतो, वायफाय बंद केलं की थांबतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, घरच्या डेस्कटॉपवर विंडोज ११ आहे आणि आवाजाच्या एका त्रासाने डोकं खाल्लंय. गाणं लावा नाहीतर व्हिडिओ, थोडा वेळ झकास चालतं आणि मग मधेच कट्ट, खर्रर्र, कधी क्षणभर बोलणाऱ्याचा पार रोबोट होतो आणि परत आपोआप ठीक. चित्र मात्र अजिबात अडकत नाही.

स्पीकर बदलून बघा हे प्लीज नका सांगू. स्पीकर, हेडफोन, यूएसबी हेडसेट सगळ्यावर तेच होतंय आणि हेच स्पीकर मोबाईलला लावले की एकदम स्वच्छ वाजतात. सतत गुणगुण येत असती तर अर्थिंगवर किंवा वायरवर संशय घेतला असता, पण इथे आवाज तुटतो. नेट स्लो आहे म्हणावं तर हार्डडिस्कवरची फाईल लावली तरी तसंच.

ऑडिओ ड्रायव्हर काढून परत टाकून झाला, विंडोजचा साधा हाय डेफिनिशन ऑडिओवाला पण लावून बघितला. एन्हान्समेंट बंद, एक्सक्लुझिव्ह मोडची टिक काढली, फॉरमॅट ४४१०० वरून ४८००० हर्ट्झ केला, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. काही नाही. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर टाकल्यावर जरा कमी झाल्यासारखं वाटलं पण तो मनाचा खेळ असू शकतो.

मग लेटन्सीमॉन (कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवून ठेवतोय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवलं आणि तिथे जरा उजेड पडला. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर निवांत दिसतो पण तो सरासरी दाखवतो ना, मधेच एखादा ड्रायव्हर काही मिलिसेकंद प्रोसेसर अडवून बसला तर तिथे कळतच नाही, आणि ऑडिओचा बफर, म्हणजे पुढे वाजवायचा आवाज आधी भरून ठेवायची जागा, असतो साधारण १० मिलिसेकंदांचा, म्हणजे ४८००० ला ४८० सॅम्पल, तो वेळेत भरला नाही की खरखर. लेटन्सीमॉनच्या यादीत सगळ्यात वर एनडीआयएस डॉट सिस. आता ही विंडोजची नेटवर्कची सामायिक फाईल, त्यामुळे माझ्या मते नाव हिचं येतंय आणि करणारा वायफाय कार्डाचा ड्रायव्हर आहे. डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय डिसेबल केलं की खरखर गायब, चालू केलं की थोड्या वेळात परत हजर.

राउटर दुसऱ्या खोलीत आहे, केबल टाकणं सध्या जमणार नाही, आणि वायफाय बंद ठेवून गाणी ऐकायची हा काही उपाय झाला नाही. तर जाणकारांनो, वायफायचा जुना ड्रायव्हर टाकून कुणाचं काम झालंय का, की अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये रोमिंग अॅग्रेसिव्हनेस कमी करून फरक पडतो? कार्ड सारखं दुसरी नेटवर्कं शोधत असेल अशी मला शंका आहे. यूएसबी वायफाय डोंगल घ्यायचा पण विचार आहे, पण तो पण शेवटी एनडीआयएसमधूनच जाणार, फक्त ड्रायव्हर वेगळा, मग घेऊन उपयोग होईल का? बायोसमध्ये सी-स्टेट्स (प्रोसेसर रिकामा असताना वीज वाचवायच्या अवस्था) बंद करा असंही कुठे कुठे वाचलं, पण वीज आणि गरमी वाढणार म्हणून हात लावला नाहीये अजून.

विंडोज नव्याने टाकायला मात्र सांगू नका, तोच ड्रायव्हर परत येऊन बसणार. लेटन्सीमॉनचा पूर्ण रिपोर्ट हवा असेल तर खाली टाकते.