समुद्राकाठच्या प्रदर्शनात तांब्याच्या खनिजांवर बोलायचं आहे: नमुने, प्रयोग आणि दमट हवा

खाडीकाठ (रत्नागिरी)

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात इथे खडक-खनिजांचं तीन दिवसांचं प्रदर्शन आहे. त्यात तांब्याच्या खनिजांवर ४० मिनिटं बोलायचं आहे. समोर नववी-दहावीची मुलं, त्यांचे शिक्षक आणि काही हौशी संग्राहक असतील.

नमुने असे: हिरवा मॅलाकाइट दोन (एक चकचकीत घासलेला, एक कच्चा), निळा अ‍ॅझुराइट, राजस्थानातल्या खेत्रीचा चॅल्कोपायराइट, ‘पीकॉक ओअर’ म्हणून विकत घेतलेला रंगीबेरंगी तुकडा, निसर्गात धातुरूपातच सापडणाऱ्या तांब्याची बोटभर फांदी, क्युप्राइट (तांब्याचं तांबडं ऑक्साइड) आणि चॅल्कँथाइटचे निळेभोर स्फटिक.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मांडणी कोणत्या क्रमाने करावी, म्हणजे ती नुसती नावांची यादी होणार नाही? समोर करून दाखवता येतील असे बिनधोक प्रयोग कोणते? आणि हॉल बंदराला लागून आहे, खिडक्या उघड्या असतात. तीन दिवस नमुने कसे सांभाळायचे? तांब्याच्या फांदीवर आताच फिकट हिरवे ठिपके आलेत, ते बोटाने पुसले की पावडर निघते.

जांभाकातळ

रंगावरून मांडणी करू नका. हिरवं, निळं, सोनेरी असं लावलं की लोक दुकानासारखे बघून पुढे जातात. जमिनीतल्या खोलीप्रमाणे लावा, वरून खाली. कोकणातल्या माणसाने जांभ्यातून विहीर खणताना पाहिलेली असते: वर कडक तांबडा कातळ, खाली मऊ माती, मग पाणी, मग काळा दगड (बेसाल्ट). तांब्याच्या साठ्यालाही असेच थर असतात. त्यामुळे टेबलावर उभा फळा लावून त्यावर एक निळी पट्टी ओढा आणि ‘पाण्याची पातळी’ असं लिहा.

सगळ्यात खाली चॅल्कोपायराइट. यात तांबं, लोखंड आणि गंधक आहे, तांबं साधारण ३४.६ टक्के. हवा आणि पाणी मिळालं की गंधकाचं आम्ल होतं, तांबं विरघळून पाण्याबरोबर खाली जातं आणि लोखंड वरच गंजून राहतं. म्हणून साठ्याच्या डोक्यावर तांबडी-पिवळी लोखंडी टोपी दिसते. ती आपल्या जांभ्यासारखी दिसते, पण मुलांना दोन्ही एकच असं सांगू नका. जांभा साध्या काळ्या दगडाच्या झिजेतून होतो, ही टोपी गंधकी खनिजांच्या गंजातून.

टोपीखाली, पण पाण्याच्या वर, त्या तांबट पाण्याला कार्बोनेट भेटलं की मॅलाकाइट आणि अ‍ॅझुराइट तयार होतात. अ‍ॅझुराइटचा हळूहळू मॅलाकाइट होतो. तुमच्या अ‍ॅझुराइटच्या कडेला हिरवी किनार असेल तर भिंगाखाली ठेवा आणि त्या एका किनारीवर दोन मिनिटं बोला. स्फटिकाचा आकार निळ्याचा, अंग हिरव्याचं असा तुकडा कुणाकडे असला तर मागून आणा. क्युप्राइट, धातुरूप तांबंही याच पट्ट्यातलं. निळ्या रेघेखाली जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे चॅल्कोसाइट (तांबं ७९.८ टक्के) आणि कोव्हेलाइट ही तांब्याची गंधकी खनिजं साठतात. तुमच्याकडे हे दोन्ही नाहीत. तिथे रिकामी जागा ठेवून नावं लिहा. साठा श्रीमंत होतो तो याच थरात.

चॅल्कँथाइट या उभ्या रांगेत बसत नाही. खाणीच्या भिंतीवर तांबट पाणी सुकलं की तो येतो आणि टिकतो फक्त कोरड्या मुलखात, उदाहरणार्थ चिलीच्या वाळवंटात. आपल्याकडे चार महिन्यांच्या पावसात वाहूनच जाईल. शिवाय बाजारात मिळणारे मोठे, स्वच्छ, निळेभोर स्फटिक बहुतेक वेळा मोरचुदाच्या (तांब्याच्या सल्फेटच्या) द्रावणातून वाढवलेले असतात. तसे असतील तर कार्डावर ‘प्रयोगशाळेत वाढवलेले’ असं स्पष्ट लिहा.

भारतातल्या साठ्यांसाठी एक नकाशा पुरे: राजस्थानात खेत्री, मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातलं मलांजखंड, झारखंडात सिंहभूम. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना. कोकणात तांब्याचं धातुक नाही, रेडीला आहे ते लोखंडाचं. हे आधीच सांगितलं की नंतरचे निम्मे प्रश्न वाचतात.

चुन्याची निवळी

प्रयोगांचं सांगतो. तीन पुरेत, चौथा करायला गेलात तर वेळ पुरणार नाही.

पहिला कस. चकाकी नसलेल्या चिनीमातीवर खनिज घासायचं, उठणाऱ्या रेघेचा रंग म्हणजे कस. टाइलच्या पाठी बऱ्याचदा तांबूस असतात, त्यावर रंग कळत नाही. पांढऱ्या कपाच्या बुडाची खरखरीत कड उत्तम. चॅल्कोपायराइट पिवळाधमक असून कस हिरवट काळा देतो, क्युप्राइट तांबडा, मॅलाकाइट फिकट हिरवा, अ‍ॅझुराइट फिकट निळा. मुलांना हा विरोधाभास फार आवडतो. चॅल्कोपायराइटला सुरीने ओरखडा उठतो (१ ते १० च्या मापावर कठिनता ३.५ ते ४), पायराइटला (लोखंड आणि गंधकाचं सोनेरी खनिज) उठत नाही (६ ते ६.५). सोनं, पायराइट आणि हा, तिघांतला फरक इथेच सांगून टाका.

दुसरा मोरचुदाचा. १०० मिलि पाण्यात ५ ग्रॅम मोरचूद, त्यात पॉलिश पेपरने घासलेला लोखंडी खिळा. मिनिटभरात तांबूस थर चढतो. हा प्रयोग इथल्या लोकांना लगेच भिडतो, कारण सुपारीच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण करणारा बागायतदार हेच करतो: १ किलो मोरचूद, १ किलो चुनकळी, १०० लिटर पाणी, आणि शेवटी लोखंडी विळा बुडवून बघायचा. विळ्यावर तांबूस चढलं तर तांबं मोकळं आहे, चुना कमी पडला. श्रीवर्धन-गुहागरकडचा कुणी श्रोता असेल तर तोच पुढचं सांगेल. चूक होते ती खिळ्यात: तेलकट किंवा जस्त चढवलेला खिळा घेतला तर काळपट गाळ येतो, तांबं नीट दिसत नाही.

तिसरा, माझ्या मते सगळ्यात चांगला. कच्च्या मॅलाकाइटची चिमूटभर पूड कोरड्या परीक्षानळीत घेऊन तापवा. नळी तोंडाकडे किंचित उतरती धरा, नाहीतर सुटलेलं पाणी उलटं तापलेल्या बुडावर येऊन काच तडकते. पूड काळी पडते, नळीच्या थंड भागात पाण्याचे थेंब धरतात आणि निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडला की ती दुधाळ होते. दगडात पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही होतं हे डोळ्यांसमोर सिद्ध झालं. निवळी त्याच सकाळी गाळून घ्या, उघडी राहिली की तिच्यावर आपोआप साय धरते. आणि दिवा बंद करायच्या आधी वायूची नळी निवळीतून बाहेर काढा, नाहीतर निवळी आत ओढली जाते.

मॅलाकाइटवर हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब दाखवायचाच असेल तर ३५ टक्क्यांच्या आम्लाचा १ भाग ३ भाग पाण्यात. आधी पाणी, मग आम्ल, उलट कधीच नाही. चष्मा लावून तुम्हीच करा, मुलांच्या हाती देऊ नका. चकचकीत तुकड्यावर तर नकोच, डाग कायमचा राहतो.

मोरचुदाचं पाणी खाडीत, विहिरीत किंवा गटारात ओतू नका. मासे आणि चिंबोऱ्यांना तांबं फार थोडं असलं तरी बाधतं. निळा रंग पूर्ण जाईपर्यंत त्यात लोखंडी कीस टाकून ठेवा, मग चुना घालून गाळ बसू द्या आणि गाळ वेगळा फेका. खनिजाला जीभ लावून बघायची जुनी सवय कुणाला असेल तर या टेबलावर अजिबात नको.

डबाबंद

फांदीवरची पावडर आधी बघा. फिकट हिरवी, भुसभुशीत, ठिपक्या-ठिपक्यांनी येणारी असेल तर ते तांब्याचं क्लोराइडी मीठ आहे. समुद्राच्या हवेतलं क्लोराइड तांब्यात शिरलं की दमटपणात ते तांबं खातच राहतं. घट्ट बसलेला, गुळगुळीत तपकिरी-हिरवा थर वेगळा, तो राहू द्या, तो जुना आणि स्थिर आहे.

उपाय: मऊ ब्रशने पावडर झाडा (मास्क लावून), डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, आठवडाभर. नळाचं पाणी नको, त्यातच क्लोराइड असतं. मग अ‍ॅसिटोनमध्ये एकदा बुडवून पंख्याखाली वाळवा आणि लगेच सिलिका जेल असलेल्या डब्यात. चिंच, आमसूल, आगळ यांनी मात्र घासू नका. तांब्याचा हंडा लख्ख होतो तो आम्लामुळे. तेच आम्ल नमुन्यावरचा क्युप्राइट आणि मॅलाकाइटही खाऊन टाकतं. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ते याच कारणाने.

डबा रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा घ्या. १० लिटरला १०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० टक्क्यांच्या खाली राहिला की मीठ झोपलेलं राहतं. जेल हिरवं पडलं की ११०-१२० अंशांवर दोन तास भाजून पुन्हा वापरा.

चॅल्कोपायराइट आणि मॅलाकाइट एका डब्यात ठेवू नका. चॅल्कोपायराइटबरोबर बहुधा पायराइट असतो. तो ६० टक्क्यांवरच्या दमट हवेत कुजून गंधकाचं आम्ल सोडतो. आधी चिठ्ठी जळते, मग शेजारचा मॅलाकाइट. प्लायवूड आणि एमडीएफच्या कपाटातूनही आम्लाची वाफ येते. क्युप्राइट उजेडात काळवंडतो, त्याच्यावर दिव्याचा झोत नको, बोलून झालं की झाकून टाका.

हॉल एसी असला तर बाहेर नेताना डबा अर्धा तास बंदच ठेवा, नाहीतर थंड नमुन्यावर दव धरतं.

खाडीकाठ

फांदी पाण्यात घातली. मग चॅल्कँथाइटही त्याच जेलच्या डब्यात ठेवू का? आणि ‘पीकॉक ओअर’ खरा कसा ओळखायचा?

डबाबंद

चॅल्कँथाइट जेलमध्ये अजिबात नको. त्याच्या स्फटिकात पाणी आहे. आर्द्रता साधारण ३३ टक्क्यांच्या खाली गेली की ते निघून जायला लागतं, स्फटिक पांढुरके होऊन भुगा होतात. छोट्या हवाबंद डबीत एकटाच ठेवा, जेल न घालता. पाण्याने धुऊ नका, विरघळेल.

जांभाकातळ

‘पीकॉक ओअर’ मागच्या बाजूने, न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडा खरवडा. आत पितळी पिवळा निघाला तर आम्ल लावून रंगवलेला चॅल्कोपायराइट, बाजारात बहुतेक हाच असतो. आत तांबूस तपकिरी निघाला आणि काही दिवसांत जांभळट पडला तर खरा बोर्नाइट (तांबं, लोखंड आणि गंधकाचंच दुसरं खनिज). दोन्ही शेजारी ठेवलेत तर संग्राहक मंडळी टेबलापाशी थांबतील.

चकचकीत मॅलाकाइटही तपासून घ्या. प्लास्टिकचे पट्टेदार तुकडे सर्रास विकतात. डिजिटल काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा, दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा लटकवा, तळाला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं त्याचं आकारमान. ७६ ग्रॅमच्या दगडाला २० दिसले तर ७६ भागिले २०, म्हणजे ३.८: मॅलाकाइट शक्य आहे. दीड-दोन आलं तर प्लास्टिक. दगडाला चिकटलेले बुडबुडे बोटाने काढा, नाहीतर उत्तर कमी येतं.

गारगोटी

एक जोडतो, कारण हे तुम्हाला नक्की विचारतील. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट तांब्याचा नाही, त्याचा निळा रंग व्हॅनेडियम या धातूमुळे. हिरव्या अ‍ॅपोफिलाइटचा हिरवाही व्हॅनेडियमचाच. काळ्या दगडाच्या पोकळ्यांना आतून असलेलं हिरवं मातकट अस्तर सेलॅडोनाइटचं, त्याचा रंग लोखंडामुळे. हे तीन तुकडे ‘तांबं नसलेले निळे-हिरवे’ म्हणून वेगळ्या ताटात ठेवा.

आणि कुणी विचारलं, की आपल्या काळ्या दगडात तांबं का नाही, तर ते आहे, पण विखुरलेलं: दहा लाख भागांत साधारण शंभर-दोनशे. अमेरिकेत सुपीरिअर सरोवराकाठी किवीनॉला बेसाल्टमध्येच धातुरूप तांब्याचे प्रचंड साठे सापडले. तो बेसाल्ट सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचा, नंतर खोल गाडला गेलेला. गरम पाण्याने तांबं गोळा करून त्याच्या पोकळ्यांत आणून भरलं. आपला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तुमची फांदी किवीनॉची असेल तर ती कोकणातल्या पोकळीवाल्या काळ्या दगडाच्या तुकड्याशेजारी ठेवा. तिकडच्या पोकळ्यांत तांबं, इकडच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजं.