आईला श्रावणबाळचा पगार आहे, मी गावी परत राहायला आलो तर बंद होतो का?

वाटसरू२९
नमस्कार मंडळी, जरा गोंधळ झालाय म्हणून विचारतो. आई ६८ वर्षांची, वडील जाऊन ९ वर्षं झाली, गावी एकटीच असते. तिला श्रावणबाळचे, म्हणजे म्हातारपणाच्या सरकारी अनुदानाचे, महिना १५०० येतात, पिवळं कार्ड आहे अंत्योदयचं, आणि २० गुंठे तिच्या नावावर आहेत त्याचे पीएम किसानचे येतात. मी पुण्यात होतो, कंपनीने कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही, रूमचं भाडं परवडेना, आणि तसंही आईचे गुडघे गेलेत म्हणून म्हटलं घरीच जावं. तालुक्याला एका दुकानात हिशोबाचं काम मिळतंय, १२ हजार. येऊन १५ दिवस झाले तर शेजारच्या काकू आईला सांगून गेल्या की पोरगा घरी आला ना, आता तुझा पगार बंद. तेव्हापासून आईचं एकच, तुझी बॅग मामाकडे ठेव, कोणी विचारलं तर पाहुणा आलाय म्हणेन. काल पोस्टमन आला तर मला चक्क आतल्या खोलीत जा म्हणाली!! हसावं का रडावं. लग्न झालेलं नाही, रेशनकार्डातून नाव ४ वर्षांपूर्वी कमी केलंय, मतदान गावातच आहे. नक्की काय होतं? आणि नाव परत कार्डात घालू का नको?

सेतूतला
दादा, मी रोज हेच फॉर्म भरतो म्हणून सांगतो. मुलगा घरात झोपला म्हणून पगार बंद असं नसतं, भानगड उत्पन्नाची आहे. श्रावणबाळला (आणि संजय गांधी निराधारला पण) कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत लागतं. म्हणजे महिना १७५०. आता आईचे १५०० गुणिले १२ केले तरी १८ हजार होतात, यावरूनच समजा ही मर्यादा कुठल्या जमान्यातली आहे. पैसे ६०० वरून १०००, मग १५०० झाले, २१ हजार काही हललं नाही. तुमचे १२ हजार त्या घराच्या उत्पन्नात धरले तर दोन महिन्यातच मर्यादा पार. आणि उत्पन्नाच्या दाखल्याच्या चौकशीला तलाठी विचारतोच की घरात कोण कोण, कमावतं कोण. त्यामुळे काकू पूर्ण चुकीच्या नाहीत पण पूर्ण बरोबर पण नाहीत.

खरी गंमत अशी की प्रत्येक योजनेचं "कुटुंब" वेगळं. पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि १८ च्या आतली मुलं, म्हणजे तुम्ही त्यात बसतच नाही, ते ६ हजार निवांत चालू राहतील. रेशनला कार्डावर नाव कोणाचं ते बघतात. आणि तुमचं अंत्योदय आहे ना, मग नाव घालून धान्य एक दाणा वाढणार नाही, ३५ किलो कार्डामागे असतं माणसामागे नाही. प्राधान्य कार्ड असतं तर माणशी ५ किलो वाढलं असतं. म्हणजे तुमच्या केसमध्ये नाव घालून फायदा शून्य आणि कार्डावर कमावता माणूस दिसणार, मग घालायचं कशाला? फक्त पुण्यात दुसऱ्या कार्डात नाव असेल तर ते बघा.

मोठीताई
लाडकी बहीणचं पण सांगते कारण आमच्याकडे त्यानेच महाभारत झालं. तिथे कुटुंब म्हणजे नवरा बायको आणि अविवाहित मुलं, मग पोरगा कितीही मोठा असो. आमच्या आईचं वय ५४, धाकटा भाऊ घरी परत आला तो जुनी अल्टो घेऊन, त्याच्याच नावावर. चारचाकी चालत नाही, ट्रॅक्टर चालतो. अंगणवाडीच्या ताई पडताळणीला आल्या आणि गाडी दारातच उभी, वर तिच्यावर पापड वाळत घातलेले. आता आई भावाला म्हणते गाडी तरी वीक नाहीतर लग्न तरी कर 😂 तुमच्या आई ६५ च्या पुढे आहेत त्यामुळे तो विषयच नाही, पण बाकी कोणी वाचत असेल तर गाडी कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा.

बांधावरून
स्पष्ट बोलतो, राग नको. पोरगा कमावता असताना सरकारचे १५०० कशाला पाहिजेत? २००७ च्या कायद्याने आईवडलांना सांभाळायची जबाबदारी मुलांचीच आहे.

वाटसरू२९
राग नाही दादा. पण तो कायदा मी पुण्यात होतो तेव्हा पण लागू होताच की, घरी आलो म्हणून नवीन काय झालं? १२ हजारात माझा पेट्रोल खर्च, आईच्या गोळ्या, हातउसने घेतलेले फेडायचे. आणि ते १५०० म्हणजे नुसते पैसे नाहीत हो, ती स्वतः जाऊन काढते, पासबुक कोणाला हात लावू देत नाही.

जुनाजाणता
सगळ्यांनी एक गोष्ट सोडली. मी परत आलो आणि बरोबर तिसऱ्या महिन्यात आईचे पैसे थांबले. घरात नुसता वनवास, बायको पण म्हणे तुमच्यामुळेच. दोन चकरा मारल्यावर कळलं की आईने बचत गटासाठी दुसऱ्या बँकेत खातं काढलं होतं आणि तिथे आधार लिंक झालं, हे डीबीटीचे (सरकारकडून थेट खात्यात येणारे) पैसे शेवटी ज्या बँकेत आधार जोडलं तिकडे जातात. तिकडे तीन महिन्यांचे जमा होऊन पडले होते! तेव्हा थांबले की आधी आधार सीडिंग (आधार कुठल्या खात्याला जोडलंय) बघा, मग हयातीचा दाखला दिलाय का बघा, पोराला शिव्या नंतर द्या. आणि ते पाहुणा वगैरे सांगू नका बुवा, गावात कोणापासून काय लपतं. तहसीलला संजय गांधी शाखा असते तिथे लेखी अर्ज करून विचारा, खिडकीवर तोंडी जे सांगतात ते पुढच्या माणसाला माहीत नसतं.

सेतूतला
+१. आणि नोकरी लागली की ती लपवून २१ हजाराचा दाखला काढू नका, गावातलाच कोणीतरी तक्रार करतो, मग निस्तरत बसावं लागतं. अजून एक, आई ७० च्या झाल्या की आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, ५ लाखांपर्यंत उपचार, त्याला उत्पन्नाची अटच नाही, तुम्ही घरी रहा नाहीतर चंद्रावर.

वाटसरू२९
आज जाऊन आलो. कार्डात नाव घालत नाहीये. आधार सीडिंग बरोबर निघालं. अर्ज दिला, त्यात सरळ लिहिलं की मी सोबत राहतो आणि पुढच्या महिन्यापासून १२ हजार पगार आहे, आईचं अनुदान चालू राहील का ते लेखी कळवा. शिक्का मारून पोच मिळाली. बंद झालं तर झालं, तेवढे मी दर महिन्याला तिच्याच खात्यात टाकणार, म्हणजे बँकेत जायचं तिचं थांबणार नाही. आईला सांगितलं तर म्हणे तुझे आणि सरकारचे सारखे का? पोच मात्र तिने पासबुकाच्या पिशवीत ठेवली.

सेतूतला
झेरॉक्स काढून ठेवा. आणि मूळ कागदाचं लॅमिनेशन करू नका, लोक करतात आणि मग त्यावर पुढचा शेरा मारता येत नाही.