शुभांशूचं लाँच बघून अजून झोप नाही, दोन प्रश्न आहेत

रनवे_दहा (धानोरी)
२६ जून २०२५, रात्री

काल दुपारी १२:०१ ला फाल्कन-९ रॉकेट सुटलं, आज चारच्या सुमारास त्यावरचं ड्रॅगन यान स्पेस स्टेशनला जाऊन लागलं, तरी माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नाहीये. घरी सांगून झालं, ऑफिसात सांगून झालं, आता तुम्हीच उरलात.

मी मूळचा विमानांचा माणूस. लोहगावच्या सुखोई ऐकत मोठा झालो, आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा जोर देणारी सोय) लावलाय का नाही ते घरात बसून कळतं. पीएसएलव्हीची लाँचेस, चांद्रयान-३, सगळं लाइव्ह बघितलंय आणि आवडीनं बघितलंय. पण काल वेगळंच होतं. ज्या पुलावरून ते चौघं अंतराळवीर आत गेले तो बाजूला सरकला आणि एकदम जाणवलं की आता ह्यांना चालत बाहेर यायला रस्ता नाही, आणि इंधन भरायला सुरुवात होते ती त्याच्यानंतर! म्हणजे माणसं वर पट्टे बांधून बसलेली, खाली केरोसीन आणि लिक्विड ऑक्सिजन भरणं चालू, रॉकेटच्या अंगावरून पांढरी वाफ उतरतेय आणि कमांडर व्हिट्सन मॅडम आणि शुभांशू शांतपणे समोरच्या स्क्रीनकडे बघतायत. पोटात गोळा आला राव. मग इंजिनं पेटताना तो क्षणभराचा हिरवा उजेड, आणि गेलं वर. साधारण नऊ मिनिटांनी दुसऱ्या स्टेजचं इंजिन बंद झालं आणि केबिनमध्ये ते हंसाचं छोटं खेळणं तरंगायला लागलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं, खरं सांगतो. त्यावर शुभांशूचं ते "कमाल की राईड थी"!

आता प्रश्न. ड्रॅगन सगळं स्वतःच करतं, आजचं डॉकिंग पण त्यानंच केलं, मग पायलट कशाला लागतो आणि इस्रोनं आपल्या स्वतःच्या गगनयानसाठी चारही जण एअरफोर्सचे टेस्ट पायलटच का घेतले? आणि दुसरं, गगनयान माणसं घेऊन जाईल तेव्हा श्रीहरिकोटाला जाऊन समक्ष बघता येईल का, कोणी गेलंय का आधी?

जुना_फिटर (विश्रांतवाडी)

अरे वा, धानोरीकर, शेजारीच आहात. मी एअरफोर्समध्ये इंजिनवर काम केलं, आता रिटायर, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नावर लिहितो जरा लांबच.

आधी ते इंधनाचं. तुम्ही पूल सरकलेला बघितला, पण त्याच्यानंतर आणि इंधन भरायच्या आधी अजून एक गोष्ट होते, एस्केप सिस्टिम आर्म करतात. ड्रॅगनच्या बाजूंना आठ सुपरड्रॅको इंजिनं आहेत, खाली काही बिघडलं तर ती कॅप्सूलला रॉकेटपासून ढकलून लांब नेतात, पॅडवर उभं असताना पण आणि वर जाताना पण. ती तयार झाल्याशिवाय इंधनाचा थेंब आत जात नाही. उशिरा भरायचं कारण असं की लिक्विड ऑक्सिजन नेहमीपेक्षाही जास्त गार करून भरतात, गार असला की दाट होतो, तेवढ्याच टाकीत जास्त मावतो, पण तो तापायच्या आत उडायला लागतं. म्हणून माणसं आधी, इंधन नंतर.

आणि ही सिस्टिम शोभेला नाही हं. ११ ऑक्टोबर २०१८ ला सोयूझ एमएस-१० वर जाताना बूस्टर नीट सुटला नाही, कॅप्सूल रॉकेटपासून आपोआप तोडली गेली आणि दोघंही जण सुखरूप खाली आले. आपल्या गगनयानची ह्याच कामाची टेस्ट २१ ऑक्टोबर २०२३ ला झाली, टीव्ही-डी१. आठवत असेल तर त्या दिवशी काउंटडाउन पाच सेकंदांवर कॉम्प्युटरनं थांबवला होता, लोक हळहळले, पण मला तेव्हाच बरं वाटलं होतं, कारण शंका आली की थांबणारं मशीनच माणसांसाठी चालतं. नंतर त्याच सकाळी उडवलं आणि कॅप्सूल पॅराशूटनं बंगालच्या उपसागरात उतरली.

आता पायलट. सगळं ठीक चालू असेल तोवर खरंच कॉम्प्युटर उडवतो. पायलट तेव्हा प्रत्येक आकडा बघत असतो, आत्ता हा आकडा किती असायला हवा आणि किती आहे. बिघडलं की त्याचं खरं काम सुरू. जेमिनी-८ बघा, मार्च १९६६. नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट, एक थ्रस्टर अडकून चालूच राहिला आणि यान गरागरा फिरायला लागलं, जवळजवळ सेकंदाला एक चक्कर. त्या अवस्थेत आर्मस्ट्राँगनं मुख्य सिस्टिम बंद केली, परतीच्या प्रवासाची वेगळी थ्रस्टर्स वापरून यान स्थिर केलं आणि दोघं जिवंत परत आले. टेस्ट पायलटला सवयच असते ती, नवीन विमान घेऊन वर जायचं, काय वेगळं वागतंय ते ओळखायचं, डोकं शांत ठेवायचं आणि खाली येऊन इंजिनियरला नेमकं सांगायचं की अमुक वेगाला अमुक थरथर जाणवली. मी अशा लोकांचे रिपोर्ट ऐकलेत. साध्या पायलटनं "जरा हलत होतं" म्हटलं असतं तिथे हे कुठल्या बाजूनं, किती वेळ, थ्रॉटल किती होता ते सगळं सांगतात. गगनयान कधीच न उडालेलं यान आहे, त्याच्यात पहिल्यांदा बसणारा माणूस असाच पाहिजे.

कर्वेनगर_फिजिक्स

काका, फार छान लिहिलंत. मी कॉलेजात शिकवते, काल मुलांना घेऊन बघितलं. काउंटडाउन चालू असताना आम्ही फळ्यावर एक हिशोब केला, इथल्या सुखोईप्रेमींना आवडेल म्हणून टाकते.

सुखोई-३० एमकेआयच्या एका इंजिनाचा आफ्टरबर्नरसकट जोर साधारण साडेबारा टन, दोन्हीचा मिळून पंचवीस. फाल्कनच्या खालच्या स्टेजला नऊ मर्लिन इंजिनं, एकाचाच जोर शहाऐंशी टनांच्या आसपास. म्हणजे एका मर्लिनला तीन सुखोई पुरत नाहीत, आणि अख्ख्या रॉकेटला तीस सुखोई एकाच वेळी आफ्टरबर्नर लावून उभ्या कराव्या लागतील! धानोरीच्या खिडक्यांचं काय होईल ते तुम्हीच सांगा 😄

आणि तरी सुरुवातीला ते सावकाश उठल्यासारखं दिसतं, कारण वजन साधारण ५५० टन, जोर त्याच्यापेक्षा दीडपटीहून थोडा कमीच. मग जसजसं इंधन जळतं तसं हलकं होत जातं आणि वेग वाढतच जातो, शेवटी सेकंदाला साडेसात किलोमीटर. एका मुलीनं लगेच गणित केलं, स्वारगेट ते शिवाजीनगर एका सेकंदाच्या आत. त्यानंतर वर्गात जी शांतता झाली ना, ती कुठल्याही डेरिव्हेशननं झाली नसती.

उशिराबद्दल पण बोलायला हवं. २९ मे ची तारीख होती, ती पुढे पुढे जात राहिली, मग हवामान, मग रॉकेटमध्ये ऑक्सिजनची गळती सापडली, मग स्टेशनच्या रशियन भागातल्या गळतीचं काम. मुलं वैतागली होती. मी म्हटलं, हे थांबणं हाच सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे, लिहून घ्या. ज्या ३९-ए पॅडवरून काल हे गेले तिथूनच अपोलो-११ गेलं आणि तिथूनच जानेवारी २००३ मध्ये कल्पना चावला शेवटची गेली. तिच्या यानात, स्पेस शटलमध्ये, आतल्या माणसांना सुटायला अशी सोय नव्हती. हे माहीत असलं की प्रत्येक तारीख पुढे गेल्याचा आनंदच होतो.

नारायणपेठ_८४

मी वयानं बहुतेक तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा. ३ एप्रिल १९८४, राकेश शर्मा. सोयूझ टी-११ मधून बैकानूरहून गेले, सॅल्यूट-७ ह्या स्पेस स्टेशनवर जवळजवळ आठ दिवस राहिले. आमच्या वाड्यात टीव्ही एकाकडेच, त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि इंदिराबाईंशी बोलणं झालं तेव्हा आमची आजी टीव्हीला हात जोडून बसली होती. त्यानंतर एक्केचाळीस वर्षं. मला खरंच वाटायला लागलं होतं की दुसरा भारतीय जवान तिथे गेलेला बघायला मी नसेन.

आणि एक गोष्ट पुणेकरांनी अभिमानानं सांगायला हवी ती कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. राकेश शर्मा एनडीएचे, म्हणजे खडकवासल्याच्या नॅशनल डिफेन्स अकॅडमीचे, शुभांशू शुक्ला एनडीएचे, गगनयानचे बाकीचे तिघं म्हणजे नायर, कृष्णन, अंगद प्रताप तेही एनडीएचे. म्हणजे आपण रविवारी भजी खायला ज्या खडकवासल्याला जातो त्याच्या काठावर हे सगळे वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी पहाटे उठून पळत होते. शुभांशू तर सुखोई-३०, मिग-२१, मिग-२९, जग्वार सगळं उडवून वर गेलाय, दोन हजार तासांचं फ्लाइंग. पोरानं वर आमरस पण नेलाय म्हणे, फार बरं वाटलं वाचून.

सुळ्ळूरपेटा_रिटर्न (पिंपरी)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे, मी जाऊन आलोय एका लाँचला.

श्रीहरिकोटाला लोकांसाठी लाँच व्ह्यू गॅलरी आहे, २०१९ पासून, स्टेडियमसारख्या पायऱ्या. लाँचच्या काही दिवस आधी ऑनलाइन नोंदणी उघडते, फुकट असते, पण मोठं मिशन असलं की बघता बघता भरते, त्यामुळे इस्रोच्या घोषणेवर डोळा ठेवून बसायचं. ओळखपत्र ओरिजिनल न्यायचं. पुण्याहून चेन्नईला ट्रेन, चेन्नई सेंट्रलहून सुळ्ळूरपेटाला लोकल मिळते, तिथून पुढे गाडी. राहायचं चेन्नईतच बघा, सुळ्ळूरपेटा छोटं गाव आहे, लाँचच्या वेळी खोली मिळणं अवघड. रिझर्व्हेशन असं करा की लाँच एक-दोन दिवस पुढे गेलं तरी थांबता येईल. माणसांच्या मिशनला गॅलरीचे नियम काय असतील ते तेव्हा कळेल, जास्त कडक असणार हे धरून चाला.

अनुभव सांगतो. आधी नुसता उजेड येतो, डोळे दिपतात, आवाज काहीच नाही. पॅड काही किलोमीटर लांब असतो आणि आवाजाला दर किलोमीटरला तीन सेकंद लागतात, त्यामुळे रॉकेट झाडांच्या वर आलं तरी शांतच. मग तो येतो आणि कानांच्या आधी छातीत येतो, शर्टाचं कापड थरथरतं. शेजारी एक तेलुगू आजोबा होते, भाषा कळत नव्हती, दोघांनी एकमेकांचा हात धरून ठेवलेला.

गगनयान एलव्हीएम-३ रॉकेटवर जाणार, त्याचे बाजूचे दोन एस-२०० बूस्टर सॉलिड आहेत, एकेकात दोनशे टनांच्या वर इंधन. त्या एस-२०० च्या केसिंगचे, म्हणजे बाहेरच्या कवचाचे, काही भाग आपल्या पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला बनतात. माझ्या मामाचं गाव तिथून जवळ, म्हणून मला हे फार जवळचं वाटतं. आधी व्योममित्रा ह्या माणसासारख्या रोबोला घेऊन माणसांशिवाय उड्डाण होईल, मी त्यालाच जायचं म्हणतोय.

रनवे_दहा (धानोरी)

काका, ताई, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. एस्केप सिस्टिम आधी आर्म होते हे कळल्यावर कालचं रेकॉर्डिंग परत लावलं, आणि खरंच तशी घोषणा (कॉलआउट) ऐकू येते, काल माझं लक्षच नव्हतं तिकडे. जेमिनी-८ बद्दल पण वाचायला घेतलंय. पिंपरीकर, व्योममित्राच्या लाँचला मी येतो, नक्की.

स्पेस स्टेशन इथून दिसतं ना पण? शुभांशू वर आहे तोवर एकदा तरी बघायचंय.

कर्वेनगर_फिजिक्स

दिसतं की! साध्या डोळ्यांनी, दुर्बीण नको. सूर्यास्तानंतर तास-दीड तासात नाहीतर पहाटे, कारण तेव्हा आपल्याकडे अंधार आणि ४०० किलोमीटरवर त्याला ऊन. विमानासारखे लुकलुकणारे दिवे नसतात, एकच पांढरा ठिपका, शुक्रासारखा ठळक, पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडतो. नासाच्या साइटवर पुणे टाकलं की वेळा आणि दिशा मिळतात. अडचण एकच, आषाढातले ढग. ते दोन आठवडे तिथे असणार आहेत, म्हणजे एखादी उघडीप मिळायला हरकत नाही. चांगला पास (स्टेशन आपल्यावरून जायची वेळ) दिसला की मी इथे वेळ टाकते, तळजाईच्या टेकडीवर जमू. जुना_फिटर काका, तुम्हाला गाडीची सोय लागली तर सांगा.

जुना_फिटर (विश्रांतवाडी)

धानोरीकर घेऊन येतील मला, वाटेवरच आहे. नारायण पेठेतल्या साहेबांना पण घेऊ बरोबर.